जुळे सोलापुरात घर: आत्ताच घ्यावं की भाड्यानं राहावं?

बाजार थंड आहे म्हणून लगेच इसार (आगाऊ रक्कम) देऊ नका, आधी हिशेब मांडा. 30 लाखांचं कर्ज, 8.5 टक्के व्याज, 20 वर्षं: हप्ता साधारण 26,000. पहिल्या हप्त्यातले 21,250 नुसत्या व्याजात जातात. तसंच घर 10-11 हजारांत भाड्यानं मिळत असेल, तर वर्षभर थांबण्यात तोटा नाही. कटकट एवढीच, की अकरा महिन्यांनी करार नवा आणि खिळा ठोकायलाही मालकाला विचारा.

घ्यायचंच ठरलं, तर घासाघीस तयार घरावर करा. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर बिल्डरकडून घेतलेल्या घराला जीएसटी नाही; चालू बांधकामाला 1 किंवा 5 टक्के लागतो. दाखला हातात घेऊन तारीख वाचा, ‘अर्ज केलाय’ चालत नाही.

मग पाणी. सोलापुरात नळ रोज येत नाही, त्यामुळे फरशीच्या चकाकीपेक्षा जमिनीखालची टाकी बघा. चौघांना रोज 500 लिटर धरले तर पाच दिवसांना 2,500 लागतात. टाकी 1,000 लिटरची निघाली, तर उन्हाळ्यात टँकर ठरलेलाच. बोअर आहे म्हणाले, तर मे महिन्यात मोटर चालू करून दाखवायला सांगा. पावसाळ्यात काय, बहुतेक बोअरना पाणी असतं.