पेन एफ की पेन एफटी?

ऑलिंपसचा हाफ-फ्रेम एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच पाहायचा आणि फिल्मच्या एका चौकटीच्या जागेत दोन फोटो बसवणारा जुना कॅमेरा, घ्यायचा एकदा ठरलं, की खल एवढाच उरतो: १९६३चा पेन एफ की १९६६चा एफटी? वरवर पाहता एफटी सरस. त्यात प्रकाश मोजणारा मीटर आहे, सेल्फ-टायमर आहे, फिल्म एका झटक्यात सरकते. एफचा फिल्म सरकवायचा खटका दोनदा ओढावा लागतो, आणि मीटर त्याला नाहीच. लेन्स दोघांना त्याच. गोल फिरणारं रोटरी शटरही तेच, त्यामुळे १/५०० सेकंदाच्या वेगालाही फ्लॅश जुळतो. मीही आधी एफटीच घेतला.

मीटरला प्रकाश पुरवायला एफटीत आतला एक आरसा अर्धपारदर्शक ठेवलाय. तिकडे गेलेला प्रकाश डोळ्याला कमी पडतो. उन्हात कळतसुद्धा नाही, आणि उन्हाला सोलापुरात काय तोटा! पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, ओळखीच्या चादरीच्या कारखान्यात गेलो. पत्र्याची शेड, ट्यूबलाइट, आणि तुटलेला धागा जोडणारी बोटं. फोकस लागलाय की नाही, काही केल्या समजेना. अंदाजाने दाबत राहिलो. ३६च्या रोलवर ७२ फोटो. तो संपायला दोन महिने, मग धुवायला पुण्याला. स्कॅन आले तर बोटं धूसर, मागचा सुताचा बीम मात्र अगदी लख्ख.

माझ्या चष्म्याचाही दोष असेल, किंवा त्या नगाचा आरसाच वयाने उतरला असेल. दुसऱ्या कुणाचा एफटी उजळ निघेलही. पण मीटरसुद्धा सरळ बोलत नाही. तो ० ते ७ मधला आकडा दाखवतो, तोच लेन्सच्या कड्यावर लावायचा, आणि तो एफ-स्टॉप, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा नेहमीचा आकडा, नव्हे! शिवाय त्याचा मूळ पाऱ्याचा सेल आता बाजारात नाही.

एफ घेतला तो गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, तोंडावर. या कॅमेऱ्यांची चौकट मुळात उभी, आणि यात्रेतल्या उंच काठ्या, नंदीध्वज, त्याहून उभे. कॅमेरा आडवा-उभा करायची भानगडच नाही. होम मैदानावर दिवस मावळताना बाराबंदीतला (यात्रेतला पारंपरिक पांढरा अंगरखा) माणूस काठी सावरत होता, तरी त्याचा चेहरा मला नीट दिसत होता. मीटर नाही म्हणून दिवसा अडलं नाही. इथल्या उन्हाचा अंदाज दोन रोलांत बसतो. दुसऱ्यांदा खटका ओढेपर्यंत एखादा फोटो हुकतो, हे खरंच.

एफटी विकला नाही, भाच्याला दिला. तो शेडमध्ये जात नाही, त्याची काही तक्रार नाही.