स्लीव्ह की बायपास: निवडीतील शंका आणि शस्त्रक्रियेनंतरचा अनुभव

वजन कमी करण्यासाठी शस्त्रक्रिया करायची, हे माझे आधीच ठरले होते; त्यातली कोणती करायची, हे ठरवायला मात्र बरेच महिने लागले. शेवटी मी रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास करून घेतली. आता वर्ष होत आले आहे. स्लीव्ह (जठर कापून अरुंद करणे) आणि बायपास (जठराची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडणे) या दोन शस्त्रक्रियांमध्ये अडकलेल्या माणसाला किलोंच्या आकड्यांपेक्षा निर्णय कसा झाला आणि पुढे काय घडले, हे अधिक उपयोगी पडेल, असे वाटल्याने हे सविस्तर लिहीत आहे.

माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) चाळिशीच्या वर होता, टाइप २ मधुमेहासाठी गोळ्या चालू होत्या, छातीतील जळजळीसाठी रोज सकाळी आम्लरोधक गोळी घ्यावी लागत असे आणि गुडघेदुखीमुळे वेदनाशामक गोळ्यांचीही सवय झाली होती. यांपैकी जळजळ आणि वेदनाशामके या दोन गोष्टींवरच माझी निवड ठरणार आहे, हे सुरुवातीला मला कोणी सांगितले नव्हते.

पहिल्या सल्ल्यात स्लीव्ह सुचवली गेली आणि तिची बाजू खरोखरच भक्कम आहे. तिच्यात जठराचा सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. आतड्यांना हात लागत नाही, कुठे नवा जोड नसतो आणि शस्त्रक्रियेला वेळही कमी लागतो. काढलेल्या भागातच घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होत असल्याने भूकही मंदावते. परंतु या अरुंद नळीत दाब वाढतो आणि ज्याच्या अन्ननलिकेच्या तळाची झडप आधीच सैल आहे, त्याच्या बाबतीत आम्ल वर चढण्याचा धोका बळावतो. शस्त्रक्रियेपूर्वी माझी एंडोस्कोपी झाली, तेव्हा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज आणि लहानसा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणे) आढळला. त्या अहवालानंतर स्लीव्हविषयी माझे मन साशंक झाले.

फिनलंडमधील स्लीव्हपास या अभ्यासाने त्या शंकेला आधार दिला. त्यात २४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून एका गटावर स्लीव्ह आणि दुसऱ्यावर बायपास केली होती. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. योग्य वजनापेक्षा जे जास्तीचे वजन असते, त्यातील सुमारे ४३.५ टक्के स्लीव्हमध्ये, तर ५०.७ टक्के बायपासमध्ये कमी झालेले होते. हा फरक आहे, पण केवळ त्यासाठी मी बायपासचे जादा धोके पत्करले नसते. स्लीव्ह निवडण्यापासून मला थांबवले ते दुसऱ्या आकड्याने: अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह गटात ३१ टक्के आणि बायपास गटात ७ टक्के रुग्णांना होता.

म्हणजे बायपास निर्धोक आहे, असे मुळीच नाही. तिच्यात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, पण नेहमीच्या एंडोस्कोपीने तिथपर्यंत पोहोचता येत नाही. लोह, कॅल्शियम आणि बी-१२ यांचे शोषण घटते, त्यामुळे पूरक गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. जोडाजवळ व्रण होऊ शकतो आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके किंवा धूम्रपान यांमुळे तो धोका बराच वाढतो. माझी खरी कोंडी इथे होती, कारण जळजळीमुळे बायपास हवी होती आणि गुडघ्यांमुळे ती नको होती.

हा प्रश्न मी अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेला आणि शस्त्रक्रियेआधीच त्या गोळ्या पूर्ण बंद करून केवळ पॅरासिटामॉल, स्नायूंचे व्यायाम आणि गरजेपुरता शेक यांवर राहता येते का, ते पाहिले. त्रास होता, पण निभावले. असे निभावले नसते, तर मी बायपास केली नसती. ज्यांना संधिवातामुळे दाहशामक गोळ्या सोडणे शक्यच नाही, त्यांनी या मुद्द्यावर स्पष्ट उत्तर मिळाल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नये, असे मला मनापासून वाटते.

मिनी बायपासचाही विचार झाला. तिच्यात दोनऐवजी एकच जोड असतो आणि मधुमेहावर तिचा परिणाम चांगला होतो. परंतु तिच्यात पित्त वरच्या पिशवीत येऊ शकते. ज्या अन्ननलिकेला आधीच सूज आहे, तिच्यासाठी हा धोका घेण्यासारखा मला वाटला नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे द्रव आणि मग मऊ आहारात गेले. त्यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. जळजळ मात्र इतकी लवकर थांबली की उशी उंच न करता झोपणे हीच एक नवी गोष्ट झाली. आम्लरोधक गोळी व्रण टाळण्यासाठी सुरुवातीचे काही महिने चालू होती, नंतर डॉक्टरांनी ती बंद केली. मधुमेहाच्या गोळ्या वजन फारसे उतरण्याआधीच कमी कराव्या लागल्या, कारण आतड्यातील संप्रेरकांमधील बदल लगेच सुरू होतो. तरीही मधुमेह कायमचा गेला असे मी म्हणणार नाही. स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेहींपैकी दोन वर्षांनी ७२ टक्क्यांचा आजार ओसरलेला होता, तर दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले होते. त्यातील बहुतेक शस्त्रक्रिया जुन्या पद्धतीच्या होत्या, हे खरे. पण तपासणी सोडायची नाही, एवढा बोध त्यातून मी घेतला आहे.

गोड पदार्थ थोडा जास्त झाला की अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम आणि पोटात कळा येतात. याला डंपिंग म्हणतात. काही जण यालाच बायपासचा फायदा समजतात, कारण गोडावर आपोआप लगाम बसतो. प्रत्यक्षात तो अनुभव फार त्रासदायक असतो आणि तो सर्वांनाच होतो असेही नाही. चौथ्या महिन्याच्या सुमारास केस मुठीने गळू लागले. वजन वेगाने उतरताना हे बहुतेकदा तात्पुरते असते, हे माहीत असूनही त्या दिवसांत मी फार खचले होते. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत म्हणून वेळापत्रकच करावे लागले. जेवताना पाणी प्यायचे नाही, ही सवय सर्वांत उशिरा अंगवळणी पडली. अलीकडच्या रक्ततपासणीत लोह कमी निघाले आणि गोळ्यांचा डोस वाढवावा लागला.

गुडघे पूर्ण बरे झालेले नाहीत, तरी जिना आता कठड्याचा आधार न घेता चढता येतो.

ज्यांना जळजळीचा त्रास नाही, ज्यांची एंडोस्कोपी निर्दोष आहे किंवा ज्यांच्या आतड्यांवर पूर्वी मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, त्यांच्यासाठी स्लीव्ह ही माझ्या मते अधिक योग्य निवड ठरू शकते. पुढे जळजळ असह्य झाली, तर तिचे रूपांतर बायपासमध्ये करता येते; बायपास उलटवणे मात्र फार अवघड असते. सल्ला घेताना समोरचे शल्यचिकित्सक दोन्ही शस्त्रक्रिया नियमित करतात का, हे अवश्य विचारावे, कारण ज्यांचा हात एकाच पद्धतीवर बसलेला असतो, त्यांच्याकडून तीच सुचवली जाण्याची शक्यता अधिक असते.

बायपास झालेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वजन उतरल्यावर आतड्यांच्या नव्या मांडणीतील फटींमध्ये आतडे अडकू शकते आणि असे अनेक महिन्यांनी, अगदी वर्षांनीही घडू शकते. अचानक तीव्र पोटदुखी झाली, तर वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि तिथे गेल्या गेल्या बायपास झाल्याचे सांगावे. माझ्या शस्त्रक्रियेचा तपशील लिहिलेला कागद मी पाकिटात ठेवते आणि त्याची एक प्रत घरच्यांकडेही दिली आहे.