पॅनिकल हायड्रेंजिया नाशिकमध्ये: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

पॅनिकल हायड्रेंजिया, म्हणजे शंकूसारख्या तुऱ्याचं हायड्रेंजिया, नाशिकमध्ये जगतं आणि फुलतंही, फक्त त्याच्या बहराची वेळ आपण ठरवावी लागते. चीन, जपान, कोरियाकडचं हे झुडूप तिकडे वसंतात फुटतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये तुरे काढतं. आपल्याकडे फूट फेब्रुवारीतच येते. तशीच वाढू दिली तर कळ्या नेमक्या मेच्या उन्हात उमलतात, आणि ३८-४० अंशांत पांढरा तुरा बघता बघता कडेने तपकिरी पडतो. म्हणून बहर मेमधून काढून जुलैवर न्यायचा. जुलै-ऑगस्टात इथे दिवसाचं तापमान २८-२९ अंशांच्या आसपास असतं, आभाळ भरलेलं असतं आणि हवेत दमटपणा असतो. या झाडाला तेच मानवतं.

त्यासाठी दोन कामं नीट करायची. पहिलं काम जानेवारीच्या शेवटच्या पंधरवड्यातली छाटणी. नाशिकची थंडी पानगळ पूर्ण होण्याइतकी नेहमीच पडत नाही, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यापासून पाणी निम्म्यावर आणायचं आणि उरलेली पिवळी पानं हाताने काढून टाकायची. मग झाडाची एक तृतीयांश ते निम्मी उंची कमी करायची. काप समोरासमोरच्या डोळ्यांच्या जोडीच्या पाव इंच वर घ्यायचा. पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या बुडातून काढायच्या आणि पाच ते आठ जाड काड्या ठेवायच्या. काड्या जास्त ठेवल्या तर तुरे बारके येतात आणि मान टाकतात.

दुसरं काम शेंडा खुडणं. मार्चअखेर नव्या फुटीवर पानांच्या चार-पाच जोड्या झाल्या की खालच्या तीन जोड्या ठेवून वरचा शेंडा नखाने मोडायचा. खालून दोन-दोन फुटवे निघतात आणि बहर तीन-चार आठवडे पुढे जातो. तुऱ्याचा आकार थोडा लहान होतो, संख्या वाढते. मला हा सौदा पटतो, कारण लहान तुरा पावसात उभा राहतो. एप्रिलच्या मध्यानंतर मात्र खुडू नये. तेव्हा खुडलेल्या काडीला ताकद धरायला वेळ मिळत नाही.

नाशिककराचा हात ऑक्टोबरमध्ये आपोआप कात्रीकडे जातो, तो इथे आवरायचा. द्राक्षाला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन लागतात, कारण घड आधीच्या काडीच्या डोळ्यात तयार होऊन बसलेला असतो. पॅनिकल हायड्रेंजियाचा तुरा त्याच हंगामाच्या नव्या फुटीच्या टोकाला येतो, त्यामुळे एकच छाटणी पुरते. ऑक्टोबरमध्ये कापलं तर कोवळी फूट थंडीच्या तोंडावर येते, फुलं देत नाही आणि झाडाचा साठा खर्च होतो.

खरेदी करताना पानं बघा. नर्सरीत ‘हायड्रेंजिया’ म्हणून मिळणारं झाड बहुतेक वेळा मोठ्या पानाचं, गोल गुच्छाचं असतं. त्याचं पान जाड, रुंद, चकचकीत. पॅनिकलचं पान त्याहून लहान, टोकदार, थोडं खरखरीत, आणि बऱ्याचदा एका पेऱ्यावर तीन-तीन पानं. तुरा शंकूसारखा निमुळता. हा फरक छाटणीसाठी महत्त्वाचा आहे: गोल गुच्छाच्या बहुतेक जाती जुन्या काडीवर फुलतात, त्यांना वरची जानेवारीतली छाटणी दिली तर त्या वर्षीची फुलं गेलीच. जातींपैकी कुंडीसाठी ‘बोबो’ सर्वात सोयीची, अडीच-तीन फुटांत राहते. ‘लिटल लाइम’ चार फुटांच्या आसपास जाते. ‘लाइमलाइट’ सहा-आठ फुटांची, ती जमिनीतच बरी.

मातीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच जास्त झाडं जातात. आपली काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यात चुनखडी असते. मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे, तिथे जमिनीत लावायचा नाद सोडा. फसफसली नाही तरी काळ्या मातीत खोल खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत मिश्रण भरू नका. पावसाळ्यात आजूबाजूचं पाणी त्याच खड्ड्यात साचतं आणि मुळं कुजतात. त्यापेक्षा जमिनीच्या वर नऊ ते बारा इंच उंच वाफा करून त्यात लावा.

कुंडी १६ इंचांची, २५ ते ३० लिटरची. मिश्रण असं: दोन भाग कोकोपीट, एक भाग त्र्यंबक-इगतपुरीकडची तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भाताचं तूस किंवा परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे), वर दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट भिजवून दोन पाण्यांनी धुवून घ्या, त्यात मीठ राहिलं तर पानांच्या कडा जळतात आणि दोष उन्हाला दिला जातो. पाच किलोच्या विटेतून साधारण ७० लिटर भुसा निघतो, म्हणजे साधारण सहा कुंड्यांना पुरतो.

जागा पूर्वेकडची. सकाळचं ऊन साडेदहा-अकरापर्यंत, पुढे उजेड पण सावली. मार्च ते मे ५० टक्क्यांची शेडनेट वर लागतेच. पश्चिमेची भिंत टाळा, ती रात्रीही तापलेली असते आणि झाडाला दम घ्यायला वेळच मिळत नाही. पूर्ण दिवस ऊन असलेली गच्ची असेल आणि नेट बांधता येणार नसेल, तर हे झाड घेऊ नका. तिथे जास्वंद, तगर जास्त आनंद देतील.

एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी अडीच ते तीन लिटर पाणी, खालून निथळेपर्यंत. दुपारी पानं लोंबतात. बोट दोन इंच खुपसून माती ओली लागली तर पाणी घालू नका, मुळं पानांना पुरेल इतक्या वेगाने पाणी उचलू शकत नाहीत एवढाच त्याचा अर्थ. सूर्य मावळल्यावरही पानं उभी राहिली नाहीत तर मग बघा. माती ओली आणि सकाळीही पानं मलूल, तर मूळकूज धरा आणि कुंडीखालची बशी आधी काढा. बुडाशी दोन-तीन इंच उसाचं पाचट पसरलं की कुंडी बरीच थंड राहते. फक्त ते खोडाला चिकटवू नका.

नळाचं पाणी सहसा त्रास देत नाही. बोअरचं देतं. नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, ही लोहाची कमतरता, आणि बहुतेक वेळा लोह मातीत असतं पण पीएच (आम्ल-अल्कतेचा आकडा) चढल्यामुळे मुळांना घेता येत नाही. दहा लिटर बोअरच्या पाण्यात दोन ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) घालून पीएच पट्टीने तपासा, सहा ते साडेसहा आलं की पुरे. सोबत लोहाचं चिलेट, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, द्यायचं तर इडीडीएचए प्रकारचं घ्या, कुंडीला दोन ग्रॅम पाण्यात विरघळवून. स्वस्तातलं इडीटीए चुनखडीच्या मातीत टिकत नाही. ते पानांवर फवारायला ठीक, लिटरला अर्धा ग्रॅम. आधी खालची जुनी पानं सगळी पिवळी पडत असतील तर लोहाचा संबंध नाही, नत्र कमी आहे.

खत हलक्या हाताने. फूट आल्यापासून दर १२-१५ दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत) लिटरला एक ग्रॅम. कळी दिसली की नत्र थांबवा. काडी मऊ झाली की पहिल्याच सरीत तुरा जमिनीला टेकतो. ऑगस्टनंतर खत नाही.

मार्च ते मेमध्ये लाल कोळी येतोच. पानाच्या खालच्या बाजूवर सकाळी जोराने पाण्याची धार मारली तर बराचसा आटोक्यात राहतो. गंधक लिटरला दोन ग्रॅम चालतं, पण पारा ३२ च्या वर असताना फवारलं तर पानं भाजतात, म्हणून ते फेब्रुवारीतच उरकायचं. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाने पुसून निंबोळी तेल. पावसाळ्यात पानांवर तपकिरी ठिपके येतात, ती पानं तोडून लांब टाका आणि कुंड्यांमध्ये हवा खेळू द्या.

कुंडी असेल तर जुलैत ती छज्जाखाली घ्या. जमिनीतल्या झाडाला बांबूचा आधार द्या, आणि मोठ्या सरीनंतर तुरे हलकेच झटकून पाणी उतरवा.

रंगाच्या बाबतीत अपेक्षा बेताची ठेवा. तुरटी घालून हे फूल निळं होत नाही, तो गुण गोल गुच्छाच्या जातीचा आहे. पॅनिकलचा तुरा पोपटी-पांढरा उमलतो आणि रात्री गार झाल्या की गुलाबी होत जातो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या आपल्या रात्री २१-२२ अंशांच्या, त्यामुळे चित्रातला गडद गुलाबी इथे दिसत नाही, कडेला फिकट छटा येते. मला तो पोपटी-पांढराच जास्त आवडतो, आणि सावलीत तो जास्त दिवस टिकतो.

घरात कुत्रं असेल किंवा अंगणात शेळी येत असेल तर कुंडी तोंड पोचणार नाही अशी ठेवा, पानं-कळ्या पोटात गेल्या तर त्रास होतो.

कलमं जून-जुलैत करा. कळी नसलेल्या कोवळ्या काडीचा चार-पाच इंचांचा तुकडा, दोन पेरी, खालची पानं काढलेली, वरची अर्धी कापलेली. टोक रूटिंग पावडरीत (मुळं फुटायला मदत करणारी पूड) बुडवून निम्मं कोकोपीट, निम्मं परलाइट यांत खोचा आणि वर पारदर्शक पिशवी. तीन ते पाच आठवड्यांत मूळ धरतं. त्यांना पहिल्या वर्षी कळी आलीच तर खुडून टाका.