घरगुती प्रेशर वॉशर: बोअरच्या पाण्यावर कितपत टिकतो?

जोरदार धारेनं धुणाऱ्या प्रेशर वॉशरच्या खोक्यावर सगळ्यात ठळक अक्षरात बार, म्हणजे दाबाचा आकडा, छापलेला असतो: 130, 140, 150. हा आकडा बहुतेक वेळा कमाल दाबाचा असतो. काम करताना मिळणारा दाब मशीनच्या पाटीवर बारीक अक्षरात असतो, आणि तो 90 ते 110 च्या आसपास भरतो. अंगणाला आणि गाडीला तेवढा भरपूर झाला. तेव्हा 130 की 150 यावर दुकानात डोकं शिणवू नका. मराठवाड्यात हे मशीन टिकणार की नाही, हे पाण्यावर ठरतं.

1500 ते 1800 वॅटचं घरगुती मशीन मिनिटाला साधारण साडेपाच ते सात लिटर पाणी घेतं. मोटार लावून अर्धा इंची पाइप मोकळा सोडला तर 15 लिटरच्या वर सहज जातात. म्हणजे बचत खरी आहे, पण तासभर सलग मारत बसलात तर 350-400 लिटर गेले, 500 ची टाकी तळाला आली. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या आसपास राहणाऱ्यानं हा हिशेब आधी करावा. अंगण आधी खराट्यानं कोरडं झाडा, चिकटलेला गारा उलथन्यानं काढा, मग मशीन लावा. पाणी निम्म्यावर येतं.

मशीनला पाणी पुरतं का, हे बादलीनं तपासता येतं. ज्या नळावर ते जोडायचं, त्याखाली 10 लिटरची बादली सव्वा मिनिटाच्या आत भरली पाहिजे. गच्चीवरच्या टाकीतून बारीक, क्षारानं अरुंद झालेल्या पाइपनं पाणी येत असेल तर भरत नाही. मग पंप हवा ओढतो, आवाज फुटका येतो, धार उसळत राहते आणि सील जातात. अशा घरी थेट टाकीतून किंवा ड्रममधून पाणी ओढणारं मशीन घ्यावं. ओढायच्या पाइपच्या टोकाला जाळी हवी, आणि तो आधी पाण्यानं भरून घ्यायचा. सुरू करताना क्रम चुकवू नका: नळ सोडा, गन दाबून धरा, बुडबुडे जाऊन अखंड धार लागली की मगच बटण. कोरडा फिरलेला पंप मिनिट-दोन मिनिटांत खराब होऊ शकतो, आणि वॉरंटीत तो बसेलच असं नाही.

आता क्षार. मशीन चालू असताना थर फारसा बसत नाही. काम झाल्यावर आत राहिलेलं जड पाणी वाळतं, तेव्हा तो व्हॉल्व्हला आणि नोझलला धरतो. म्हणून शेवटची एक बादली साठवलेल्या पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याची ओढू द्या, मग पाणी आत येणारा पाइप काढून 10-15 सेकंद चालवून आतलं पाणी फेकून द्या. बोअरच्या पाण्यातली बारीक रेती क्षारापेक्षा वाईट, कारण ती सील घासते. नळ आणि मशीन यांच्यामध्ये पारदर्शक वाटीचा फिल्टर बसवाच. टँकरच्या गढूळ पाण्यावर तर त्याशिवाय चालवूच नये. गन सोडलेली असतानाही मोटार अधूनमधून आपोआप सुरू होत असेल तर कुठंतरी दाब गळतोय: आधी जोडांचे ओ-रिंग (रबरी कड्या) बघा, मग व्हॉल्व्ह.

विजेचं थोडक्यात. 1800 वॅट म्हणजे 230 व्होल्टला जवळपास 8 अँपिअर. 16 अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. एक्स्टेंशन लागलंच तर 2.5 चौरस मिमी तांब्याची वायर, पूर्ण उलगडलेली. जोड पाण्यापासून लांब, उंचावर. संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावर मोटार नुसती घुमत असेल तर लगेच बंद करा, वाइंडिंग जळतं.

कामगिरीत पैकीच्या पैकी गुण एकाच ठिकाणी द्यावे लागतात: काळी माती. पावसाळ्यात शेतातून आलेल्या गाडीच्या मडगार्डात, चाकांच्या आतल्या बाजूला जो चिखल दगडासारखा बसतो, तो साध्या पाइपनं निघत नाही. आधी भिजवून 10 मिनिटं थांबा, मग 25 अंशाच्या पसरट धारेनं खालून वर या. रंगापासून आणि टायरपासून निदान 30 सेंटिमीटर अंतर ठेवा. गोल फिरणारं टर्बो नोझल रंगावर कधीच नको. ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर तिरकी धार मारली की पाती वाकतात; मोटारसायकलच्या बेअरिंगवर, चेनवर आणि स्विचवर नेम धरू नका.

पेव्हर ब्लॉक छान निघतात, पण सांध्यातली रेती उडते. धार तिरकी ठेवा आणि वाळल्यावर बारीक कच झाडूनं परत भरा, नाहीतर ब्लॉक हलायला लागतात. उत्तरेकडच्या सावलीतल्या शेवाळावर ब्लीचिंगचं पाणी बादलीनं टाकून 10-15 मिनिटं थांबा. ते मशीनमधून ओढू नका. त्यावर संडास साफ करायचं ॲसिड तर मुळीच नाही, क्लोरीन वायू सुटतो. शहाबादी फरशीला ॲसिड एरवीही वर्ज्य: तो चुनखडीचा दगड, ॲसिड त्याला खातं.

जिथं मशीन न्यायचंच नाही ती यादी मराठवाड्यात लांब आहे. माळवदावर, म्हणजे मातीच्या छतावर, तर विचारही नको, वरची माती वाहून गेली की पहिल्या पावसात घर गळणार. जुन्या दगडी वाड्याच्या दगडांमधल्या चुन्याच्या दरजा निघून येतात. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याचे तंतू उडतात. कूलरचं गवत भुगा होतं, आणि सोलर पॅनलच्या कडेचं सील सुटतं. पोकळ झालेला गिलावा आधी बोटानं ठोकून बघा, पोकळ वाजला तर हात लावू नका.

पायात चप्पल घालून हे काम करू नये, गमबूट आणि डोळ्यांना चष्मा. धार कातडीत घुसली तर जखम टाचणीएवढी दिसते, आत मात्र पाणी आणि घाण खोल गेलेली असते. दुखत नसलं तरी थेट दवाखाना. पोरं आणि जनावरं अंगणातून बाहेर. थांबताना आधी बटण, मग नळ, मग गन दाबून उरलेला दाब सोडायचा, त्यानंतरच पाइप काढायचा.

घ्यावं का? अंगणात पेव्हर आणि दारात चारचाकी असेल तर घ्या. नुसती स्कूटर धुवायला हा खर्च उधळपट्टी आहे. इंडक्शन मोटारीचं जड असतं, महाग असतं, पण आवाज कमी आणि कार्बन ब्रश बदलायची कटकट नाही. वर्षात चार-पाचदाच वापरणार असाल तर साधं ब्रशचं चालतं. पाच मीटरची पाइप गाडीभोवती फिरायला अपुरी पडते, आठची बघा. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा: गन, पाइप आणि ओ-रिंग जिल्ह्याच्या गावी सुटे मिळतात का? उत्तर ‘पुण्याहून मागवू’ असं आलं तर दुसरं मशीन दाखवायला सांगा.