ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं दुचाकी गॅरेज : काम एक नंबर, भाषा मात्र शिकून जा

काम चांगलं, रेट बरे, बसायला जागा अजिबात नाही. घाई असेल तर एवढंच वाचा आणि निघा.

बाकीच्यांसाठी, वागळे इस्टेटला रोड नंबर २२ च्या आतल्या गल्लीत आहे, बोर्डावरचं नाव धुळीने वाचता येत नाही, बाहेर टायरचा ढीग दिसला की तेच. माझी स्कूटर जुनी, कार्ब्युरेटरवाली, झिरो फोर (MH-04, म्हणजे ठाण्याचं) पासिंग. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी पार खिळखिळी केलेली. गॅरेजवाल्या मामांनी एक राउंड मारला आणि म्हणाले, "शॉकअप बसलाय, कोनसेट गेलाय, टॅपिट वाजतंय, हाफ इंजिन आत्ता नको, दिवाळीनंतर बघू." मी नुसती मान हलवली, कारण यातलं 'दिवाळीनंतर' सोडून काहीच कळलं नव्हतं.

शॉकअप म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरच, अर्धा शब्द गिळलेला. टॅपिट म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह उघडणारा भाग. हाफ इंजिन म्हणजे मला वाटलं अर्धं इंजिन काढून ठेवणार की काय! तर नाही, फक्त वरचं काम, पिस्टन, रिंगा, बोअर, हेड, व्हॉल्व्ह वगैरे, खालची क्रँक उघडायची नाही, ती उघडली की फुल इंजिन आणि मग खिशाचं पण फुल काम.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते छऱ्यांचं बेअरिंग, मात्र मामांनी दाखवला, आणि म्हणूनच मी हा रिव्ह्यू लिहितोय. गाडी मेन स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचललं आणि मला म्हणाले हँडल हळूहळू फिरव. बरोबर मधे आलं की टक्कन अडकत होतं. मग खोलून आतली वाटी काढली, डिझेलने पुसली, म्हणे नख फिरव. छऱ्यांनी ओळीने बारीक खड्डे पाडलेले, नखाला लागत होते. रस्त्यावरचे खड्डे शेवटी तिथे जाऊन बसतात!! याआधी मी कंपनीच्या एका सर्व्हिस सेंटरला जायचो, नाव नको, एसी, कॉफी, सगळं होतं, बिलात दर वेळी 'कन्झ्युमेबल्स' अशी एक ओळ. काय असतं ते विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली सर ते सिस्टीममध्ये येतं.

मी उभाच होतो (बसणार कुठे) तेवढ्यात एक शाळेतला मुलगा सायकल ढकलत आला, पायडल मारलं की चेन फिरते, चाक फिरत नाही. मामांच्या हाताखालचा पोरगा न बघताच बोलला, "कुत्ते फेल." मुलगा बिचारा मागे वळून कुत्रा शोधायला लागला. हे कुत्रे फ्रीव्हीलच्या आत असतात, स्प्रिंगवर बसवलेले छोटे तुकडे, पुढे पायडल मारलं की दात्यांत अडकून चाक ओढतात आणि थांबलो की त्या दात्यांवरून घसरत कटकट वाजतात. चावणं सोडलं की फेल. इंग्रजांकडेही 'डॉग क्लच' आहेच, म्हणजे कुत्रा फक्त आपल्याच गॅरेजात शिरलेला नाही.

मग एक रिक्षावाला स्टेपनी विचारत आला आणि मी घरी येऊन शोधलंच. स्टेपनी ही चक्क कंपनी होती! वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर, १९०४ ची गोष्ट, तेव्हा गाड्यांना जादा चाक नसायचं, मग यांनी बिनआऱ्यांची टायरवाली रिंग काढली जी पंक्चर चाकालाच बाजूने आवळायची. आणि ते नाव आज आपल्या रिक्षात. (दुसरा अर्थ सगळ्यांना माहितीय, इथे नको.)

आता तक्रारी. "संध्याकाळी घेऊन जा" म्हणजे उद्या दुपारी, हे धरूनच चला. फोन उचलत नाहीत. बिल म्हणजे सिगरेटच्या पाकिटाच्या मागे लिहिलेले आकडे, कोनसेटचं लेबर साडेतीनशे घेतलं, मला जास्त वाटलं नाही, पण पक्कं बिल हवं असलेल्यांनी जाऊ नका. पैसे देताना "स्कॅनर मार" म्हणतात, म्हणजे भिंतीवरचा क्यूआर, त्याच्यावर पण ऑइल लागलंय, दोनदा पुसल्याशिवाय घेत नाही.

सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर मामा स्वतः हात लावतात, नंतर रिक्षा लागल्या की पोरं करतात. जुना पार्ट हवा असेल तर आधीच सांगून ठेवा, नाहीतर संध्याकाळी भंगारवाला घेऊन जातो.