आर-टू-आर की डेल्टा-सिग्मा: माझा निकाल मुखड्यावर लागला

लाखाच्या आसपासचा डॅक, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा अ‍ॅम्पला कळेल असा सिग्नल करणारा डबा, घ्यायला निघालेला माणूस शेवटी या दोनांपाशी येऊन अडतो: रेझिस्टरच्या शिडीचा आर-टू-आर, नाहीतर तयार चिपचा डेल्टा-सिग्मा. माझ्याकडे सात-आठ महिने दोन्ही होते, एकाच अ‍ॅम्पवर. मग एक विकला. कागदावरचे आकडे तुम्ही पाहिलेच असतील, ते इथे उगाळत नाही.

आमच्या इंदूरच्या घरात जे वाजतं त्यात निम्म्याहून अधिक अमीर खाँसाहेब. झूमऱ्यातलं ते विलंबित, चौदा मात्रा अशा सैल की दोन बोलांच्या मध्ये चहाचा घोट घेऊन होतो. तिथे शिडीचा डॅक मला गोड वाटला. खर्ज भरीव, तानपुरा मागे पसरलेला. चिपवाल्यावर तेच गाणं जरा पुढे सरकून बसतं आणि टेपची खरखरही साफ कळते. डोळे बांधून ओळखून दाखव म्हणालात तर मात्र पैज लावणार नाही. दोघांच्या आउटपुटमध्ये थोडा फरक होता, आणि ज्याचा आवाज किंचित मोठा तोच आपल्याला गोड लागतो. मी व्हॉल्यूम कानानेच जुळवला, मीटर लावून नाही. शिवाय सोळा बिटमध्येच अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजाच्या मध्ये सुमारे 96 डेसिबलची जागा असते. जुन्या टेपा तिच्या जवळपासही फिरकत नाहीत. असलंच गाणं ऐकणार असाल तर 32 बिटच्या स्टिकरचे पैसे मोजू नका.

बर्न-इनबद्दल, म्हणजे नवा डबा बरेच तास वाजवून मुरवण्याबद्दल, सगळे विचारतात. विकणाऱ्याने सांगितलं, दोनशे तास वाजू द्या. दिलं. आठ-नऊ दिवस अ‍ॅम्प बंद ठेवून डॅक रात्रंदिवस चालू. नंतर ऐकला तर खरंच मोकळा झाल्यासारखा वाटला. खूश होऊन जुना डॅक, जो त्या दिवसांत कपाटात पडून होता, तो जोडला. तोही सुधारला होता! तेव्हापासून या विषयावर मी तावातावाने बोलत नाही. शिडीचा डॅक गार असताना पहिला अर्धा तास जरा कोरडा लागतो, एवढं मात्र मला वाटतं; रेझिस्टर तापून स्थिर व्हायला वेळ घेत असतील. म्हणून लोक तो चोवीस तास चालू ठेवतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्या डब्यावर हात ठेवायची सोय नव्हती.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. निकाल लागला तो एका ‘टक्’ वर.

फाइलची सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो दर, बदलली, 44.1 वरून 48 किलोहर्ट्झवर गेली, की डॅकला घड्याळ नव्याने जुळवावं लागतं. तेवढ्या वेळात काही वेडंवाकडं अ‍ॅम्पमध्ये जाऊ नये म्हणून आतला रिले, म्हणजे विजेवर हलणारा स्विच, टक् करून आउटपुट तोडतो. हेतू चांगलाच आहे, स्पीकर वाचतात. पण माझ्याकडच्या शिडीवाल्याला परत बोलतं व्हायला सेकंदभर लागायचं. लांब ख्यालात तानपुऱ्याचा सेकंद गेला तर कोणाला पत्ता लागतो? 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या फाइलींचं तसं नाही. तीन-साडेतीन मिनिटांत सगळं उरकायचं, त्यामुळे गायक थेट बंदिशीच्या मुखड्यालाच, म्हणजे समेवर येणाऱ्या पहिल्या तुकड्यालाच, हात घालतो.

रामबागेतले काका दर रविवारी येतात, स्वतः गाणारे. पोह्यांवर जिरावन भुरभुरवत होते, मी एक तबकडी लावली. टक्. काकांचा चमचा थांबला. “अरे, मुखडा कुठे गेला? एकदम समच आली!” परत लाव म्हणाले. त्यापुढे सॅम्पलिंग बदललेल्या प्रत्येक गाण्याला तेच.

उपाय आहेत. काही प्लेअर गाण्याआधी थोडी शांतता जोडतात. कॉम्प्युटरवर ते जमलं, टीव्हीच्या ऑप्टिकल केबलवर नाही. सगळं एकाच सॅम्पलिंगवर बदलून पाठवलं तरी टक् थांबतं. पण मुद्दाम ओव्हरसॅम्पलिंग नसलेला, म्हणजे सॅम्पलिंग स्वतः न वाढवणारा, डॅक घ्यायचा आणि तेच काम आधी प्लेअरकडून करून घ्यायचं, मग ती शिडी कशाला चढलो? चिपवालाही क्षणभर गप्प होत असेल, पण मला ते कधी जाणवलं नाही.

सगळेच शिडीवाले असे असतील असं म्हणत नाही. तुमच्या घरी फक्त सीडी वाजत असतील, म्हणजे कायम 44.1, तर बिनधास्त शिडी घ्या. खर्जासाठी मला अजून तिची आठवण येते. माझा भोपाळच्या एका सीडीवाल्या गृहस्थांकडे गेला, ते समाधानी आहेत. पण संग्रह माझ्यासारखा भेसळीचा असेल तर घेण्याआधी एक 44.1 आणि एक 48 ची फाइल पेनड्राइव्हवर न्या, दुकानात लागोपाठ लावा आणि दुसरीचा पहिला शब्द ऐका.

काका अजूनही ‘परत लाव’ म्हणतात. आता गाणं आवडलं म्हणून.