टोनीबॉक्स की योटो? मराठी गोष्टी भरायच्या असतील तर आधी हे बघा

पडदा नसलेलं, फक्त गोष्टी ऐकवणारं खेळणं घेताना आई-बाबा बहुतेक वेळा तयार गोष्टींची यादी चाळतात. मराठी घरात त्या यादीचा फारसा उपयोग नाही. टोनीबॉक्स आणि योटो हे असे दोन डबे: पहिल्यावर बाहुली ठेवली की गोष्ट लागते, दुसऱ्यात कार्ड घातलं की. टोनीबॉक्सच्या बाहुल्या प्रामुख्याने जर्मन, इंग्रजी आणि फ्रेंच बोलतात, योटोच्या कार्डांवर मुख्यतः इंग्रजीचं राज्य. घर न्यू जर्सीत असो की कोथरूडला, आजीच्या तोंडची म्हातारी आणि तिचा भोपळा या डब्यांत आपल्यालाच भरावा लागतो. म्हणून पारख करायची ती कोऱ्या, म्हणजे आपला आवाज भरता येणाऱ्या, बाहुलीची आणि कार्डाची.

एक गोष्ट खरेदीआधीच समजून घ्या. बाहुलीत किंवा कार्डात आवाज साठवलेला नसतो. आत एनएफसीची (जवळ नेताच वाचली जाणारी) बारकी चिप असते आणि तिच्यात फक्त ओळख क्रमांक. डबा तो क्रमांक वाचतो, वायफायवरून फाइल उतरवून घेतो आणि पुढच्या वेळेपासून स्वतःच्या मेमरीतून वाजवतो. नवी बाहुली खोक्यातून काढून थेट प्रवासाला नेली की डबा गप्प बसतो, तो यामुळेच. निघण्याआधी घरी एकदा पूर्ण उतरवून घ्या. दोन्ही डब्यांना २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लागतं. हल्लीच्या राउटरमध्ये २.४ आणि ५ ही दोन्ही जाळी एकाच नावाने दिसतात आणि जोडणी तिथेच अडते. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या, डबा जोडा, मग पुढे जा. हॉटेलचं, ब्राउझरमध्ये पान उघडून लॉगिन करायला लावणारं वायफाय मात्र धरू नका. तिथे फोनचा हॉटस्पॉट बरा.

टोनीबॉक्स जर्मनीतल्या डुसेलडॉर्फचा, २०१६ पासून बाजारात. (२०२५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, इथे लिहिलंय ते पहिल्या डब्याबद्दल.) तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. वर चुंबकाने बाहुली चिकटते आणि गोष्ट सुरू होते, बाहुली उचलली की थांबते. मोठा कान दाबला की आवाज वाढतो, लहान कान दाबला की कमी होतो, बाजूला थाप मारली की पुढचा भाग लागतो. अंगावर कापड असल्यामुळे पडझड बऱ्यापैकी सोसतो. चार्ज केल्यावर साधारण सात तास चालतो.

अडचण कोऱ्या बाहुलीत आहे. तिला कंपनी क्रिएटिव्ह टोनी म्हणते आणि तिच्यात ९० मिनिटंच मावतात. दहा मिनिटांच्या नऊ गोष्टी झाल्या की संपलं. दहावी घालायची तर एक काढा, नाहीतर आणखी एक बाहुली विकत घ्या. शिवाय अ‍ॅपवरून नवी गोष्ट चढवल्यावर डब्याला ते आपोआप लगेच कळेलच असं नाही. डबा सुरू करून एक कान आवाज येईपर्यंत, सुमारे तीन सेकंद, दाबून धरायचा आणि मग बाहुली ठेवायची. निळा दिवा लुकलुकतोय तोवर फाइल उतरतेय, तेवढ्यात बाहुली उचलू नये. ‘जुनीच गोष्ट लागतेय’ ही तक्रार बहुतेक वेळा हा कान न दाबल्याची असते.

योटो लंडनचा. खाचेत कार्ड खुपसायचं, डाव्या बटणाने आवाज, उजव्याने पुढची-मागची गोष्ट. पुढच्या बाजूला १६ × १६ ठिपक्यांचं चित्र उमटतं. याला पडदा म्हणायचं का, यावर वाद घालणारे आहेत. ते चित्र हलत्या गोष्टीचं नसतं, निव्वळ खूण असते, आणि न वाचणाऱ्या मुलाला गोष्ट शोधायला तीच कामी येते. कोऱ्या कार्डावर १०० ट्रॅक, एकूण ५ तास आणि ५०० एमबी अशी मर्यादा. प्रत्येक ट्रॅकला आपलं चित्र लावता येतं: चिमणी दिसली की चिऊताईची, भोपळा दिसला की म्हातारीची. अ‍ॅपमध्ये यादी बनवून फाइली चढवा, मग कोरं कार्ड त्या यादीला जोडा. यादीची लिंक नातेवाइकांना पाठवता येते, ते आपल्या कोऱ्या कार्डाला तीच यादी जोडतात. सांगलीतल्या आजीचा आवाज मावशीच्या आणि काकाच्या दोन्ही घरी पोचवायचा तर हाच रस्ता सोयीचा. कार्डं सोफ्याखाली जातात, हरवतात. यादी अ‍ॅपमध्ये राहते, त्यामुळे नवं कार्ड जोडलं की झालं.

मराठीसाठी निवड करायची तर चार वर्षांपुढे योटो. त्याआधी टोनीबॉक्स, पण ९० मिनिटांची अट मान्य असेल तरच.

आता भरायच्या आवाजाबद्दल, कारण डबा कितीही चांगला असला तरी पंख्याची घरघर तो लपवत नाही. पंखा बंद करा, फोन तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, किंचित बाजूला ठेवा. समोर धरला की ‘प’ आणि ‘फ’ फाटतात. टेबलावर घडी केलेली गोधडी पसरली तर खोलीचा घुमारा बराच कमी होतो. प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला तिचं नाव म्हणा. एका फाइलीत एकच गोष्ट, आठ-दहा मिनिटांची. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली व्हॉइस नोट ओपस प्रकारची असते, ती आधी एमपी३ करून घ्या. बोलण्यासाठी मोनो ६४ केबीपीएस पुरतं, मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा होत नाही. एक गोष्ट हळू आणि पुढची कानठळ्या बसवणारी, हा दोष सगळ्यात जास्त आढळतो. ऑडॅसिटी या फुकट प्रोग्रॅममध्ये लाउडनेस नॉर्मलायझेशन निवडून सगळ्या फाइली एकाच पातळीवर आणा.

आवाजाची कमाल पातळी अ‍ॅपमधून पहिल्याच दिवशी ठरवा. टोनीबॉक्समध्ये स्पीकर आणि हेडफोनची वेगळी ठेवता येते, योटोमध्ये दिवसाची आणि रात्रीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास हे प्रमाण आहे.

वायफायची कटकट नकोच असेल तर भारतात सारेगामाचं कारवां मिनी किड्स आहे. गोष्टी-गाणी आधीच भरलेली, आणि पेन ड्राइव्ह लावून आपलं काहीही वाजवता येतं. मात्र ‘ही बाहुली म्हणजे ही गोष्ट’ ही गंमत त्यात नाही. हातात सोल्डरिंग आयर्न असलेल्यांनी टोनुइनो, म्हणजे घरी जोडून बनवायचा असाच डबा, बघावा: आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, चिप वाचणारा आरसी५२२ रीडर आणि आवाज वाजवणारा डीएफप्लेअर मिनी. मेमरी कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेलं, फोल्डर ०१, ०२, फाइली ००१.एमपी३ अशा. प्लेअरच्या आरएक्स पिनला १ किलोओहमचा रेझिस्टर लावला नाही तर स्पीकर गुरगुरतो. मॅकवरून फाइली भरल्या तर लपलेल्या फाइलीही जातात आणि क्रम बिघडतो, त्या पुसून टाका.

स्वस्तातल्या, बडबडगीतं वाजवणाऱ्या बाहुल्यांत बटण सेल असतात. झाकणाला स्क्रू नसेल तर त्या घरात आणू नका. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. भारतात विकल्या जाणाऱ्या विजेवर चालणाऱ्या खेळण्यांवर २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे, मानक आयएस १५६४४.

जुना डबा घेत असाल तर विकणाऱ्याकडून दोन गोष्टी करून घ्या. कोरी टोनी त्याच्या खात्यातून मोकळी करून घ्या, नाहीतर ती तुमच्या खात्यात जोडता येणार नाही. योटो मिनी असेल तर तो २०२४ च्या रिकॉलमध्ये (कंपनीने सदोष माल परत बोलावणं) मोडतो का ते कंपनीच्या संकेतस्थळावर तपासायला सांगा. लिथियम बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत या मॉडेलसाठी तशी सूचना निघाली होती.